लेकीचं मत आणि बाबांचं गणित

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही इलिनॉयमधले, नेपरव्हिलचे. लेक मिशिगनमध्ये शिकते आणि मतदार म्हणून तिची नोंदही तिथलीच. २०२४ मध्ये अध्यक्षपदासाठी तिने पहिल्यांदाच मत दिलं, ते ग्रीन पार्टीच्या जिल स्टाइन यांना, गाझाच्या प्रश्नावरून. आणि फोनवर बोलता बोलता सहज सांगूनही टाकलं. तेव्हापासून आमच्या ह्यांनी जो धोशा लावलाय तो आजतागायत थांबलेला नाही. बातम्यांत काही वाईट आलं की, ‘घ्या, तुमच्या लेकीची कृपा!’ सुट्टीला ती घरी आली की दोन दिवस बरे जातात, तिसऱ्या दिवशी ताट अर्धवट टाकून ती वरच्या खोलीत जाते. परवा तर ह्यांनी मिशिगनचे आकडे कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवले. ह्यांचं म्हणणं, असे तिसरे उमेदवार कोणाला तरी पाडण्यासाठीच उभे केलेले असतात. लेक म्हणते, बाबांना लोकशाहीच कळत नाही. २०२८ पर्यंत हे असंच चालायचं का?

— दोघांच्या मधे सापडलेली आई

उत्तर

आधी फ्रीजवरचा कागद काढा. पण फेकू नका, टेबलावर ठेवा आणि दोघांना समोर बसवून मोठ्याने वाचा. कारण माझा अंदाज आहे की त्या कागदावरचे आकडे तुमच्या यजमानांच्या बाजूने बोलत नाहीत.

२०२४ मध्ये मिशिगनमध्ये ट्रम्प हे कमला हॅरिस यांच्यापेक्षा सुमारे ८० हजार मतांनी पुढे होते. स्टाइन यांना तिथे ४५ हजारांच्या आसपास मतं पडली. म्हणजे त्यांचा एकूण एक मतदार, तुमच्या लेकीसकट, हॅरिस यांच्याकडे गेला असता तरी ३५ हजार कमीच पडले असते. आणि ट्रम्प यांनी एकटं मिशिगन नाही, सातही स्विंग स्टेट्स (कधी या पक्षाकडे, कधी त्या पक्षाकडे झुकणारी राज्यं) घेतली. त्या निकालाचं ओझं एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीच्या पाठीवर टाकायचं काहीच कारण नाही.

तुमच्या ह्यांचा राग २०२४ चा आहे, पण गणित २०१६ चं आहे. त्या वर्षी मिशिगनमध्ये ट्रम्प आणि हिलरी क्लिंटन यांच्यातला फरक होता अवघा १०,७०४ मतांचा, आणि स्टाइन यांना तिथे ५१,४६३ मतं मिळाली होती. विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनियातही त्यांची मतं ट्रम्प यांच्या आघाडीपेक्षा जास्त भरली. हे आकडे पाहिले की कोणीही कपाळाला हात लावेल. पण त्याच मिशिगनमध्ये लिबर्टेरियन पार्टीच्या गॅरी जॉन्सन यांनी पावणेदोन लाखांच्या आसपास मतं घेतली, त्यांचा हिशेब कोणाच्या खात्यात मांडायचा? आपल्याला हवी ती मतं परत मागायची आणि समोरच्याची विसरायची, असं करून चालत नाही. शिवाय तिसरा नसता तर यातले कितीतरी जण मतदानाला गेलेच नसते. ‘त्याने आमची मतं खाल्ली’ असं म्हणताना ती मतं आमचीच होती हे आपण परस्पर ठरवून टाकतो.

आता हे सगळं मी शहाणपणाने सांगतेय, पण आमच्या घरातली गोष्ट ऐका.

२००० साली आम्ही न्यू हॅम्पशरमध्ये, नॅशुआला राहायचो. नवरा नुकताच नागरिक झाला होता, माझ्याकडे तेव्हा ग्रीन कार्ड. (ग्रीन कार्ड किंवा एच-वन-बी असलेल्यांनी लायसन्सच्या फॉर्मवर मतदार नोंदणीच्या चौकटीत चुकूनही टिक करू नये. नागरिकत्वाच्या वेळी ते फार महागात पडतं.) तर नवऱ्याने आयुष्यातलं पहिलं अमेरिकन मत ग्रीन पार्टीच्या राल्फ नेडर यांना दिलं. कारण काय, तर ‘ज्या माणसाने गाड्यांच्या कंपन्यांशी भांडून लोकांचे जीव वाचवले, त्याला एक मत द्यायला काय जातं?’ हा माणूस इंजिनिअर. त्याच्या दृष्टीने सीटबेल्ट हाच जाहीरनामा.

त्या राज्यात रिपब्लिकन जॉर्ज बुश डेमोक्रॅट अल गोर यांच्यापेक्षा ७,२११ मतं जास्त घेऊन जिंकले आणि नेडर यांना मिळाली २२,१९८. राज्याची इलेक्टोरल मतं (अध्यक्ष ठरतो तो यांवर, आणि बहुतेक राज्यांत ती जिंकणाऱ्याला एकगठ्ठा मिळतात) चारच. पण तेवढी चार गोर यांना मिळाली असती तर बहुमताचा २७० चा आकडा तिथेच गाठला जात होता. मग फ्लोरिडाची फेरमोजणी, ५३७ मतांचा तो निकाल, सुप्रीम कोर्ट, कशाचीच गरज नव्हती. फ्लोरिडातल्या नेडर यांच्या ९७,४८८ मतांबद्दल सगळे बोलतात, न्यू हॅम्पशर कोणाच्या लक्षातही नाही. माझ्या मात्र होतं. इराकचं युद्ध सुरू झालं त्या रात्री टीव्हीसमोर मी नवऱ्याला म्हणाले, ‘बघ, तुझा सीटबेल्ट.’ तो काही बोलला नाही. पुढे कितीतरी दिवस तो माझ्यासमोर बातम्या लावायचा नाही, गॅरेजमध्ये रेडिओ ऐकायचा. एका वाक्याने घरात काय होतं ते मी पाहिलंय, म्हणून तुम्हाला सांगतेय.

आता तुमच्या ह्यांचा दुसरा मुद्दा: तिसरा उमेदवार पाडण्यासाठीच उभा केलेला असतो. हा संशय ते अमेरिकेत शिकलेले नाहीत, गावाकडून घेऊन आलेत, आणि तो बिनबुडाचा मुळीच नाही. २०२४ ची साताऱ्याची लोकसभा त्यांना आठवत असेलच. तुतारी वाजवणारा माणूस हे चिन्ह शरद पवारांच्या पक्षाच्या शशिकांत शिंदे यांचं, नुसती पिपाणी एका अपक्षाचं. पिपाणीवाल्याला ३७ हजार मतं, आणि शिंदे पडले ते ३२ हजारांच्या फरकाने. अमेरिकेतही असले प्रकार होतात. २०२० मध्ये मायामीच्या एका राज्य सिनेट मतदारसंघात रॉड्रिगेझ नावाच्या आमदारासमोर त्याच आडनावाचा एक अपक्ष उभा राहिला. प्रचार शून्य, तरी सहा हजारांवर मतं, आणि खरे रॉड्रिगेझ ३२ मतांनी पडले. त्या अपक्षाला पैसे देऊन उभं केलं होतं हे पुढे कोर्टात निघालं आणि पैसे देणारा माजी सिनेटर दोषी ठरला.

पण अध्यक्षपदासाठी तिसरा म्हणून उभं राहणं हा आडनावाचा खेळ नाही. पन्नास राज्यांचे पन्नास नियम, प्रत्येक ठिकाणी हजारो सह्या, वर कोर्टकचेऱ्या. एवढा खटाटोप माणूस का करतो? आपल्याकडे जत्रेत हवशे, नवशे आणि गवशे असे तीन प्रकारचे लोक येतात म्हणतात. इथेही तेच.

हवशे फार बोलण्यासारखे नाहीत. २०२० मध्ये रॅपर कान्ये वेस्ट उभा राहिला, मूठभर राज्यांत नाव लागलं, संपलं.

नवशे म्हणजे काहीतरी मागणं घेऊन आलेले. नेडर यांना पाच टक्के मतं हवी होती, कारण तेवढी मिळाली की पुढच्या निवडणुकीत पक्षाला सरकारी निधी मिळतो. मिळाले पावणेतीन टक्क्यांच्या आसपास. टेक्ससचे अब्जाधीश रॉस पेरो १९९२ मध्ये टीव्हीवर स्वतःच्या पैशाने अर्धा-अर्धा तास विकत घ्यायचे आणि हातात छडी घेऊन तक्त्यांवर देशाची तूट समजावायचे. गणिताचे सरच जणू. जुलैत माघार घेतली, ऑक्टोबरमध्ये परत उभे राहिले, तरी १ कोटी ९७ लाख मतं पडली. जवळजवळ १९ टक्के. इलेक्टोरल मतं किती? शून्य. देशभर पसरलेल्या मताला इथे तशी किंमत नाही. पण तुटीचा विषय दोन्ही पक्षांना टाळता येईना, हे त्यांचं श्रेय. आणि त्यांनी थोरल्या बुशना पाडलं असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं, पण मतदान करून बाहेर पडलेल्यांना विचारलं तेव्हा पेरो यांचे मतदार बुश आणि क्लिंटन यांच्यात जवळपास निम्मे-निम्मे वाटले जात होते.

उलट १९६८ मध्ये अलाबामाचे जॉर्ज वॉलेस साडेतेरा टक्केच मतं घेऊन दक्षिणेतली पाच राज्यं जिंकले, कारण त्यांची मतं एका पट्ट्यात साचलेली होती. वर्णभेद टिकवायचा हे त्यांचं राजकारण, आणि डाव असा की कोणालाच बहुमत मिळू नये, मग सौदा करायला आपण मोकळे. तो डाव फसला. प्रत्येक नवस चांगलाच असतो असं नाही, हे लेकीलाही सांगायला हरकत नाही.

गवशांबद्दल मी नाव घेऊन निकाल देणार नाही, घडलं ते सांगते. रॉबर्ट केनेडी ज्युनियर २०२३ मध्ये आधी डेमोक्रॅट म्हणून उतरले, ऑक्टोबरमध्ये अपक्ष झाले, पुढच्या ऑगस्टमध्ये थांबले आणि ट्रम्पना पाठिंबा दिला. मग एकाच वेळी न्यूयॉर्कच्या मतपत्रिकेवर नाव राहावं म्हणून आणि मिशिगन-विस्कॉन्सिनच्या मतपत्रिकेवरून नाव निघावं म्हणून ते कोर्टात भांडत होते. सुप्रीम कोर्टाने दोन्हीकडे नकार दिला. मिशिगनमध्ये नाव राहिलं आणि माघार घेतलेल्या या माणसाला २६ हजारांवर मतं पडली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते आरोग्यमंत्री झाले. जत्रेत कोण कशाला आलं होतं ते तुमचं तुम्ही ठरवा.

आणि चौथे, म्हणीत नसलेले: रुसवे. १९१२ मध्ये माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आपणच पुढे आणलेल्या टाफ्ट यांच्यावर चिडून वेगळा पक्ष काढून उभे राहिले. तिसरा उमेदवार दुसरा आला आणि गादीवरचे टाफ्ट तिसरे. दोघांच्या भांडणात विल्सन ४२ टक्क्यांच्या आतच मतं घेऊन आरामात अध्यक्ष झाले. घरातल्या रुसव्याचा फायदा बाहेरच्याला कसा होतो, हे आपल्या पक्षांकडे बघून वेगळं सांगायला नको.

तर लेकीशी बोलायचं ते या अंगाने. ‘मत वाया घालवलंस’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. त्याऐवजी विचारा: हा पक्ष चार वर्षं कुठे असतो? शहराच्या कौन्सिलला, स्कूल बोर्डाला त्यांची माणसं उभी राहतात का, की लीप वर्षीच दर्शन देतात? त्यांच्यासाठी सह्या कोण गोळा करतंय? २००४ मध्ये मिशिगनमध्ये नेडर यांचं नाव मतपत्रिकेवर यावं म्हणून चाळीस हजारांवर सह्या आणून दिल्या त्या तिथल्या रिपब्लिकन पक्षाने. हे तिला सांगितलंत तर ती ऐकेल. बाबांचा संशय बाबांच्या तोंडून ऐकला की तो टोमणा होतो, घडलेली गोष्ट म्हणून ऐकला की विचार होतो.

एक व्यवहाराची गोष्टही आहे. कॉलेजच्या मुलांना घरच्या पत्त्यावर किंवा कॉलेजच्या पत्त्यावर, दोन्हीपैकी एका ठिकाणी नोंद करता येते. इलिनॉयमध्ये डेमोक्रॅट लाखो मतांनी जिंकतात, तिथे निषेधाचं मत दिल्याने निकाल हलत नाही. मिशिगनमध्ये हलू शकतो. काहींना हे पळवाट वाटेल, काहींना अक्कलहुशारी. पण कदाचित तिला निकाल हलवायचाच असेल, दोन्ही पक्षांना आपली दखल घ्यायला लावायची असेल. मिशिगनमधल्या, मोठी अरब वस्ती असलेल्या डिअरबॉर्न शहरात स्टाइन यांना १८ टक्के मतं पडली ती अशाच लोकांची, आणि शेजारच्यांवर खुन्नस म्हणून दिलेली नव्हती. पुढच्या वेळी कुठे नोंद ठेवायची हे तिने ठरवावं, फक्त माहीत असून ठरवावं. आणि आपला उमेदवार आपल्या राज्यात छापील नावाने आहे का, हे आधी बघावं. नाव हाताने लिहायचं असेल तर बऱ्याच राज्यांत त्या उमेदवाराने आधी नोंद केलेली असल्याशिवाय ते मोजतच नाहीत.

मेन आणि अलास्का या दोन राज्यांत या भांडणाला जरा उतारा आहे. तिथे पसंतीक्रम लिहिता येतो, आपल्या पदवीधर मतदारसंघासारखा. पहिली पसंती बाद झाली की मत दुसरीकडे जातं. ह्यांनी महाराष्ट्रात कधी पदवीधरचं मत दिलं असेल तर त्यांना चटकन कळेल, आणि बापलेकीचं एखाद्या गोष्टीवर एकमत व्हायचं असेल तर ते यावरच होईल.

आणि ह्यांना एक वेगळं, तुम्ही दोघंच असताना सांगा. पोस्टाने येणारी मतपत्रिका उघडून बघायची नाही, ‘दाखव काय भरलंस’ म्हणायचं नाही. मत गुप्त असतं ते शेजाऱ्यापासून तसंच बापापासूनही. तिने आपणहून सांगितलं, एवढ्या विश्वासाने सांगितलं, त्याचं फळ म्हणून तिला दीड वर्ष टोमणे मिळाले तर पुढच्या वेळी ती सांगणारच नाही. मतही नाही आणि बाकीचंही काही नाही.

आमच्याकडे २००४ मध्ये न्यू हॅम्पशर डेमोक्रॅट जॉन केरी यांच्याकडे गेलं. नेडर पुन्हा उभे होते, तिथे त्यांना पाच हजारांच्या आत मतं पडली. त्यातलं एक आमच्या घरातलं होतं का, हे मी अजून विचारलेलं नाही.