सरकारी जंगलातली तोड वाढवली तर लाकूड स्वस्त होईल आणि आसपासच्या गावांना काम मिळेल का?

काम थोडंफार वाढेल. लाकूड स्वस्त होईल याची मात्र खात्री देता येत नाही. आणि गावाच्या बाजूने पाहिलं तर एखाद्या वर्षी तोड किती झाली, यापेक्षा ती दरवर्षी होते का, हे जास्त महत्त्वाचं.

आधी भाव कसा ठरतो ते बघा. उभ्या झाडाचा भाव उलटा काढतात. सॉ मिलच्या दारात ओंडक्याची किंमत १०० धरा. तोडणी आणि ओढणीचे २५, वाहतुकीचे ३०, ठेकेदाराचा नफा आणि जोखीम मिळून १० वजा करा. उरलेले ३५ जंगलाच्या मालकाचे, म्हणजे इथे सरकारचे. आता बाजार २० टक्के उतरला. मजुरी आणि डिझेल काही कमी होत नाही, त्यामुळे सगळा फटका त्या ३५ वर बसतो आणि हाती १५ राहतात. मिल आणखी लांब असेल तर काहीच राहत नाही. विरळणीच्या, म्हणजे दाटी कमी करायला मधली झाडं काढतात त्या बारीक मालाच्या लिलावाला अनेकदा कोणी फिरकत नाही ते यामुळेच. लोक लगेच संगनमताचा संशय घेतात (ते कधीकधी असतंही), पण बहुतेक वेळा हिशेबच बसत नसतो.

दुसरं, तोड मनाला येईल तेवढी वाढवता येत नाही. ती कार्य आयोजनेत, म्हणजे वनखात्याच्या अनेक वर्षांच्या आराखड्यात, ठरलेली असते. वनशास्त्रातलं वॉन मँटेलचं जुनं, ढोबळ सूत्र असं : उभ्या साठ्याची दुप्पट करा आणि लागवडीपासून तोडीपर्यंतच्या वर्षांनी (म्हणजे आवर्तनाने) भागा. साठा ६०,००० घनमीटर आणि आवर्तन ६० वर्षांचं असेल तर वर्षाला २,००० घनमीटर. पण जंगलात सगळ्या वयाची झाडं सारख्या प्रमाणात आहेत, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. सगळं एकदमच लावलेल्या रोपवनाला हे सूत्र लावलं तर आकडा साफ फसतो.

बरं, २,००० घनमीटर म्हणजे तेवढ्या फळ्या नव्हेत. ओंडका मोजायची एक जुनी पद्धत आहे : मधल्या घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. घेर १.२ मीटर, लांबी ३ मीटर असेल तर ०.३ × ०.३ × ३ = ०.२७ घनमीटर. त्याच ओंडक्याचं खरं घनफळ ०.३४ च्या आसपास भरतं. म्हणजे कागदावर साधारण २१ टक्के कमी, आणि ही सूट घेणाऱ्याच्या बाजूने. माप कोणतं धरलंय ते न विचारता दोन आगारांच्या (सरकारी लाकूड साठवून विकतात त्या जागांच्या) भावांची तुलना करू नका. पुढे कापणीत ढोबळमानाने निम्मं लाकूडच फळ्या-चौकटी होऊन बाहेर पडतं. बाकीच्या फाळक्या (कडेचे सालीसकट तुकडे) आणि भुसा. त्याला जवळपास बॉयलर, कागद कारखाना किंवा पार्टिकल बोर्डचं गिऱ्हाईक नसेल तर मिल तोट्यात जायला वेळ लागत नाही.

रोजगाराचं म्हणाल तर अमेरिकेचं उदाहरण बोलकं आहे. तिथे १९०८ च्या कायद्याने राष्ट्रीय वनांच्या उत्पन्नातला २५ टक्के वाटा त्या भागातल्या शाळा आणि रस्त्यांना मिळू लागला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस या वनांतून वर्षाला सुमारे १२ अब्ज बोर्ड फूट (एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड फळी म्हणजे एक बोर्ड फूट) लाकूड निघत होतं. १९९० मध्ये जुन्या जंगलांत राहणाऱ्या ठिपकेदार घुबडाला कायद्याचं संरक्षण मिळालं, १९९४ मध्ये वायव्येकडच्या जंगलांसाठी नवी योजना आली आणि पुढच्या काही वर्षांत देशभरातला आकडा २ अब्जांच्या आसपास घसरला. जाड, जुन्या झाडांवर चालणाऱ्या मिल बंद पडल्या, शाळांचं उत्पन्न आटलं, आणि २००० मध्ये भरपाईसाठी वेगळा कायदा करावा लागला. मात्र सगळा दोष घुबडाला देणं बरोबर नाही. यंत्रं आल्यामुळे तेवढ्याच लाकडाला लागणारे हात आधीपासूनच कमी होत होते. आणि ज्या मिलनी बारीक ओंडक्यांसाठी यंत्रं बदलली, त्यातल्या बऱ्याच टिकल्या.

तोड वाढवूनही गाव अडचणीत येतं, ते कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात दिसलं. पाइनच्या झाडांना भुंग्याने पोखरलं, मेलेलं लाकूड कुजण्याआधी काढायचं म्हणून तोडीची मर्यादा वाढवली, मिलनी क्षमता वाढवली. लाकूड संपल्यावर मर्यादा खाली आली आणि मिलना कुलपं लागली. शिवाय परवानाधारकाने ठरलेल्या स्थानिक मिलमध्येच लाकूड कापावं, ही जुनी अट तिथे २००३ मध्ये काढून टाकली होती. झाड गावाजवळ तुटायचं, पण कापायला दुसरीकडे जायला मोकळं.

भारतात तर १९८८ च्या वन धोरणानेच उद्योगांना कच्चा माल शक्यतो शेतकऱ्यांकडून घ्यायला सांगितलं आहे. सरकारी जंगलातून अचानक माल ओतला तर फर्निचर स्वस्त होण्याआधी शेतकऱ्याच्या निलगिरी-सुबाभळीचा भाव पडू शकतो.

म्हणून तुमच्या भागात तोड वाढणार असेल तर आधी लिलावाचे लाट (एका बोलीत विकला जाणारा मालाचा गट, इंग्रजीत लॉट) किती मोठे आहेत ते पाहा. मोठ्या लाटाची अनामत छोट्या मिलला परवडत नाही आणि माल बाहेरच्या व्यापाऱ्याकडे जातो. जात आणि घेर पाहून छोटे लाट लावले तर आगाराचं काम वाढतं, पण स्थानिक माणूस बोलीत उतरतो. मग वेळ पाहा. पाइनसारखं लाकूड उष्ण, दमट हवेत काही आठवड्यांतच निळं पडतं. मजबुतीत फारसा फरक पडत नाही, पण भाव उतरतो. इतर जातींतही टोकांना चिरा जातात, रसकाष्ठात (सालीलगतच्या फिकट लाकडात) भुंगा शिरतो. वादळात पडलेला किंवा आगीत मेलेला माल हंगाम-दोन हंगामात निघाला नाही तर तो जळाऊच्या भावाने जातो, आणि त्यात तोडणीची मजुरीसुद्धा सुटेलच असं नाही.