'सुरक्षित धनको' : सुरक्षित नेमकं कोण?

विचारणा थोडक्यात अशी : आम्ही ज्या कंपनीला सुटे भाग पुरवायचो ती नादारीत निघाली. पेपरातल्या मराठी जाहीर सूचनेत 'सुरक्षित धनको' आणि 'असुरक्षित धनको' असे शब्द आहेत. आमचं सव्वाअकरा लाखांचं येणं कशात धरायचं? पक्की बिलं आणि पोचपावत्या आहेत, म्हणजे सुरक्षितच ना? शिवाय आमचे क्रेट त्यांच्या गोदामात पडून आहेत, त्यांना तारण म्हणता येईल का?

नाही, बिलं कितीही पक्की असली तरी हे येणं 'सुरक्षित' ठरत नाही. तुमची ही समजूत होण्याचा दोष मी त्या शब्दालाच देईन. 'सिक्युअर्ड क्रेडिटर' या इंग्रजी संज्ञेसमोर 'सुरक्षित' ठेवून दिलं, आणि वाचणाऱ्याला वाटलं की प्रश्न पुराव्याचा आहे. तो आहे तारणाचा. आपल्या पतसंस्थांच्या पाट्यांवर 'सोनेतारण', 'बिनतारणी कर्ज' हे शब्द किती वर्षं नांदताहेत! तारणे म्हणजे पार नेणे, वाचवणे. ऋणकोने पैसे बुडवले तर धनकोला जी वस्तू तारून नेते ते तारण. 'तारणी धनको' म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो : तारण काय घेतलंय? 'सुरक्षित' म्हटलं की तो सुचतच नाही.

धनको-ऋणको ही जोडीही सांभाळून वापरावी. जुन्या कर्जखतांत 'धनको नाम', 'रिणको नाम' अशी दोन्ही पक्षांची नावं घालत. ज्याचं येणं तो धनको, ज्याचं देणं तो ऋणको. बातम्यांत पुष्कळदा धनकोलाच 'कर्जदार' करून टाकतात, तिथे सगळा अर्थ उलटा होतो.

आता तुमचं येणं. बँकेने कारखान्याची जमीन गहाण घेतलेली असते, यंत्रं आणि कच्चा माल नजरगहाण. नजरगहाण हा फार नेमका शब्द आहे : वस्तू ऋणकोच्याच ताब्यात, तो ती वापरतो, धनकोची फक्त नजर तिच्यावर. म्हणून बाहेरून भरलेलं गोदाम पाहून पुरवठादाराला वाटतं की कंपनीकडे पुष्कळ आहे. त्यातलं बरंचसं आधीच बांधलेलं असतं. कंपनीवरचे हे बोजे कंपनी निबंधकाकडे नोंदवावे लागतात आणि कोणालाही पाहता येतात. उधारीवर माल देण्याआधी ते पाहावेत, असं मी कळकळीने सांगेन.

2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेचं कलम 53 अवसायनातली, म्हणजे कंपनी गुंडाळून तिची मालमत्ता विकतानाची, वाटपाची रांग ठरवतं. आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांचं 24 महिन्यांचं देणं आणि आपलं तारण स्वतः न विकता सामाईक निधीत सोडून देणारे तारणी धनको, हे दोघे एकाच पायरीवर. मग इतर कर्मचाऱ्यांचा 12 महिन्यांचा पगार, मग बिनतारणी वित्तीय कर्जं (म्हणजे उसने दिलेले पैसे, मालाची उधारी नव्हे), मग सरकारी देणी आणि तारण स्वतः विकूनही बँकेचं जे उरलं असेल ते. तुमचं बिल येतं त्यानंतर, 'उरलेली देणी' या पायरीवर. समजा, मालमत्तेचे दहा कोटी आले, ती सगळी गहाण होती आणि बँकेचं येणं चौदा कोटी. मग तुमच्या पायरीपर्यंत काय पोचणार? 'वसूल' हा अरबीतून आलेला शब्द, मूळ अर्थ पोचणे. कंपनी विकत घेणारा कोणी पुढे आला, तर अवसायनात मिळालं असतं त्याहून कमी तुम्हाला देता येत नाही. पण तो आकडाच शून्य असेल, तर या हमीला फारसा अर्थ उरत नाही.

तरीही दावा दाखल कराच, आणि सूचनेतल्या मुदतीत करा. माल पुरवणाऱ्यांसाठी 'फॉर्म बी' आहे. ही सूचना एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या वृत्तपत्रात देण्याचा नियम आहे. म्हणजे पुरवठादाराला ती आपल्या भाषेत कळावी हाच हेतू. तिथे 'बिनतारणी' छापलं असतं तर तुम्हाला हा प्रश्न पडलाच नसता.

राहिले क्रेट. तारण ऋणकोने आपल्या मालमत्तेतून द्यायचं असतं, आणि क्रेट तर तुमचेच. 'जांगड' हा शब्द मनात आला होता, पण जांगड माल पसंत पडला तर विकला जातो. क्रेट विकायचे नव्हतेच. ते परतीच्या बोलीवर दिलेले आहेत : ताबा त्यांचा, मालकी तुमची. दुसऱ्याच्या मालकीची अशी वस्तू कंपनीची मालमत्ता धरली जात नाही. म्हणून ते सव्वाअकरा लाखांत मिसळू नका. परतीची नोंद असलेली चलनं जोडून, क्रेटची संख्या लिहून, ते परत मागणारं वेगळं पत्र नादारीची प्रक्रिया चालवायला नेमलेल्या व्यावसायिकाला द्या, आणि त्यात 'तारण' हा शब्द कुठेही येऊ देऊ नका.