‘दलाल’ खोडू नका

प्रश्न : कॉर्बावरच्या (दुसऱ्या मशीनवरच्या प्रोग्रॅममधल्या ऑब्जेक्टकडून काम करवून घ्यायचं मानक) मराठी टिपणात ‘ऑब्जेक्ट रिक्वेस्ट ब्रोकर’ला, म्हणजे ओआरबीला, ‘वस्तु-मागणी दलाल’ असं लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी ‘दलाल’ हलका शब्द म्हणून खोडला, ‘मध्यस्थ’ केलं, आणि दलाल हा संस्कृत ‘दल’वरून आला असंही समासात लिहिलं. बरोबर काय? आणि ‘मार्शलिंग’ला, म्हणजे माहिती पाठवण्यासाठी बाइटांत मांडण्याला, मराठीत काय म्हणावं?

उत्तर : दलाल. परत लिहा, आणि समासातली टीप खोडा.

या शब्दाचा शिवीसारखा वापर सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. मुंबई शेअर बाजाराचा पत्ता दलाल स्ट्रीट आहे. ती पाटी बदलून ‘मध्यस्थ मार्ग’ करा, असं म्हणायला कोणी गेलेलं दिसत नाही.

‘दल’ म्हणजे पान, पाकळी, तुकडी. दोन अक्षरं जुळली की सोयरीक लावून मोकळं व्हायचं, ही आपल्याकडची जुनी खोड. शब्द अरबी आहे आणि फारसीमार्फत मराठीत आला. अरबीत द-ल-ल या धातूचा अर्थ वाट दाखवणे, अमुक गोष्ट तमुक ठिकाणी आहे असं बोट दाखवून सांगणे. आता खरी गंमत. एखादं काम सतत, धंदा म्हणून करणाऱ्यासाठी अरबीत एक ठरलेला साचा आहे : धातूचं मधलं व्यंजन दुप्पट करायचं आणि त्यापुढे ‘आ’ लावायचा. ह-म-ल म्हणजे वाहणे, त्यावरून हम्माल. स-र-फ म्हणजे नाण्यांची अदलाबदल, त्यावरून सर्राफ. ज-ल-द म्हणजे फटके मारणे, त्यावरून जल्लाद. तसाच द-ल-लवरून दल्लाल. मराठीनं जोडाक्षरं झिजवून हमाल, सराफ, दलाल केले. जल्लाद तेवढा जोडाक्षरासकट राहिला. त्याच्याशी रोजचा व्यवहार नसल्यामुळे जीभ घासली गेली नसावी, असं माझं मत आहे. ‘दलील’ही याच धातूची : मुद्द्याकडे वाट दाखवते ती.

म्हणजे दलाल हा मुळात वाटाड्या. आणि कॉर्बातला ब्रोकर नेमकं हेच करतो, शब्दशः. ओआरबी एकमेकांशी ज्या नियमांनी बोलतात, त्या जीआयओपी या प्रोटोकॉलमध्ये ‘लोकेट रिक्वेस्ट’ नावाचा संदेशच आहे. ‘हा ऑब्जेक्ट तुमच्याकडे आहे का?’ एवढंच तो विचारतो. उत्तरं मुख्यतः तीन : माहीत नाही, इथेच आहे, किंवा तिकडे आहे, हा घ्या पत्ता. तिसरं उत्तर आलं की क्लायंटकडचा, म्हणजे मागणी करणाऱ्या प्रोग्रॅमकडचा, ओआरबी गुपचूप नव्या पत्त्यावर जातो आणि पुढचं बोलणं थेट तिथेच होतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. नवा पत्ता बंद पडला, तर ओआरबीनं पुन्हा मूळ पत्त्यावर येऊन विचारावं अशी अपेक्षा असते. गिऱ्हाईक मालापर्यंत नेऊन सोडलं की दलालाचं काम संपलं.

‘मध्यस्थ’वर माझा राग आहे तो त्यातल्या ‘मध्ये’मुळे. एक तर मध्यस्थी भांडणात करतात, आणि इथे कोणाचं भांडण नाही. दुसरं, ओआरबी मध्ये उभाच नसतो. पुस्तकांतल्या आकृतीत वर क्लायंट, खाली सर्व्हर आणि मधोमध आडवी पट्टी, तिच्यावर ओआरबी लिहिलेलं. त्या पट्टीनं घोटाळा केला आहे. मग ‘ओआरबी पडलाय, रीस्टार्ट करा’ अशी वाक्यं रोज कानावर येतात. ओआरबी ही दोन्ही टोकांच्या प्रोग्रॅममध्ये जोडलेली लायब्ररी असते. ती स्वतंत्रपणे ‘पडत’ नाही. चित्र हवंच असेल, तर शेअर बाजाराचं घ्या. घेणाऱ्याचा दलाल वेगळा, विकणाऱ्याचा वेगळा, आणि दोघांना बाजाराची बोली येते. इथे ती बोली म्हणजे टीसीपी-आयपीवरून धावणारा जीआयओपी, ज्याला आयआयओपी म्हणतात. कॉर्बाची पहिली आवृत्ती १९९१ची, पण ही सामाईक बोली दुसऱ्या आवृत्तीत आली. तोवर प्रत्येक कंपनीचा ओआरबी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचा, आणि दुसऱ्या कंपनीच्या दलालाला काही कळायचं नाही.

मग ‘पडतं’ ते काय? एक तर नेमिंग सर्व्हिस, म्हणजे नाव सांगितलं की ऑब्जेक्टचा पत्ता देणारी सेवा. ती मात्र खरोखर वेगळी प्रोसेस असते, ती चालू आहे का ते आधी पाहा. नाही तर आयओआर, म्हणजे ऑब्जेक्टचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. ती ‘आयओआर’ ही अक्षरं, अपूर्णविराम आणि पुढे हेक्स आकड्यांची लांबलचक माळ अशी दिसते. आत इंटरफेसचं नाव, होस्ट, पोर्ट आणि सर्व्हरमधला ऑब्जेक्ट ओळखायची किल्ली असते. यातला होस्ट सर्व्हर स्वतः लिहितो, त्याला आपलं जे नाव ठाऊक असेल ते. मशीनच्या होस्ट्स फाइलमध्ये स्वतःचं नाव १२७.०.०.१ला बांधलेलं असेल, किंवा सर्व्हर कंटेनरमध्ये चालत असेल, तर चिठ्ठीवर असा घरगुती पत्ता पडतो. दुसऱ्या मशीनवरचा क्लायंट तो पत्ता घेऊन स्वतःच्याच दारात, नाही तर बाहेरून न पोचणाऱ्या दारात, जाऊन उभा राहतो आणि ‘ट्रान्झियंट’ किंवा ‘कॉम फेल्युअर’ अशी तक्रार करतो. नेमिंग सर्व्हिस चालू, पिंग लागतो, नाव सापडतं, आणि पहिलाच कॉल मरतो, असं दिसलं की चिठ्ठी उघडा. त्यासाठी हत्यारं आहेत : ओम्निओआरबी या ओआरबीसोबत कॅटआयओआर मिळतं, जॅकओआरबीसोबत डीआयओआर. मग सर्व्हर सुरू करतानाच बाहेरून पोचेल असा पत्ता द्या : ओम्निओआरबीत ‘एंडपॉइंट पब्लिश’, टाओ या ओआरबीत ‘होस्टनेम इन आयओआर’. ‘ऑब्जेक्ट नॉट एक्झिस्ट’ आलं, तर पत्ता बरोबर आहे, किल्ली जुनी झाली. सर्व्हर पुन्हा सुरू झाला, ऑब्जेक्ट तात्पुरत्या जातीचा होता, आणि क्लायंट कालची चिठ्ठी घेऊन आलाय.

(टिपणात जावाची उदाहरणं असतील तर बदला. २०१८च्या जावा ११मधून कॉर्बाची पॅकेजेस आणि आयडीएलजे कंपायलर दोन्ही काढून टाकले. जुना कोड तिथे कंपाइलच होत नाही, जॅकओआरबीसारखा ओआरबी वेगळा जोडावा लागतो.)

आता खरा मुद्दा, जो तपासणाऱ्यांच्या लक्षात आलेला नाही. इंग्रजीनं ‘ब्रोकर’ हा एकच शब्द दोन निराळ्या धंद्यांना लावून ठेवलाय. संदेश साठवून पोचवणाऱ्या काफ्का, रॅबिटएमक्यू यांच्या सर्व्हरलाही ब्रोकरच म्हणतात. पण ते दलाल नाहीत, ते अडते आहेत. अडत्या माल आपल्या गाळ्यात उतरवून घेतो, ठेवतो, विकतो आणि शेतकऱ्याला पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, देतो. आणणाऱ्याची आणि नेणाऱ्याची गाठ पडायची गरजच नसते. मेसेज ब्रोकरचं तेच : पाठवणारा संदेश टाकून निघून जातो, घेणारा सवडीनं येतो, ‘पोचलं’ची पावती म्हणजे पट्टी. काफ्कात तर काही न बदलता सोडलं, तर माल गाळ्यात १६८ तास, म्हणजे आठवडाभर राहतो, कोणी नेलेला असो वा नसो. दलालाकडे गाळाच नाही. समोरचा सर्व्हर बंद असेल, तर साध्या कॉर्बा कॉलमध्ये मागणी साठवली जात नाही, तिथल्या तिथे अपवाद (एक्सेप्शन) येतो. इथेच लोक फसतात. ‘ब्रोकर आहे ना, ठेवेल तो’ असं गृहीत धरतात आणि मागण्या हरवल्या म्हणून बोंब मारतात. मार्केट यार्डातला पोरगाही दलाल आणि अडत्या यांत गल्लत करत नाही. हे दोन शब्द आपल्याकडे तयार असताना दोघांवर ‘मध्यस्थ’ची एकच गोधडी पांघरायची, याला परिभाषा घडवणं म्हणत नाहीत. स्वतः इंग्रजी ‘ब्रोकर’चं नातं पिंपाला तोटी ठोकण्याच्या शब्दाशी लावतात, म्हणजे तो मुळात किरकोळ दारूविक्याच्या अंगानं जाणारा. हलकेपणाच काढायचा, तर तिथून सुरुवात करा.

मार्शलिंग राहिलं. ‘क्रमबद्धीकरण’ वगैरे नको, ‘थप्पी लावणे’ म्हणा. हमाल पोती लावतात तसं : ठरलेल्या क्रमानं, ठरलेल्या जागी, गरज पडली तर फट सोडून. आयडीएलमध्ये, म्हणजे ऑब्जेक्टच्या इंटरफेसचं वर्णन लिहायच्या भाषेत, एक ऑक्टेट आणि त्यामागे एक लाँग असेल, तर ऑक्टेटला १ बाइट, मग ३ बाइटांची फट, मग लाँगचे ४, असे ८ होतात, कारण लाँग चारच्या पटीवरच बसतो. फटीत काय असेल याची हमी नसते, ते वाचू नका. पाठवणारा आपल्या मशीनच्या बाइटक्रमानं थप्पी लावतो आणि संदेशाच्या सुरुवातीच्या १२ बाइटांच्या हेडरमधल्या सातव्या बाइटच्या शेवटच्या बिटात तो क्रम सांगतो. पलटवायचं काम घेणाऱ्याचं. स्पार्कवरून निघालेला १, उलट बाइटक्रमाच्या इंटेलवर तो बिट न बघता वाचला, तर १,६७,७७,२१६ होतो. क्लायंटकडचा स्टब आणि सर्व्हरकडचं स्केलेटन (आयडीएलवरून तयार होणारा कोड) हे आपोआप सांभाळतात, हातानं संदेशाचं पाकीट फोडणारे मात्र इथेच आपटतात. अनमार्शलिंगला ‘थप्पी उतरवणे’.