अंगाचं माप तेच असूनही कपड्यांचा साइज लहान का होत जातो?

तुम्ही विचारलंय, की वजन आणि कंबर कित्येक वर्षं तेवढीच आहे, पण पूर्वी एक्सएल लागायचा तिथे आता एल होतो, कधी एमसुद्धा. मग बदललं काय? बदललंय ते लेबल. मी शिवणकाम आणि आल्टरेशन करते, त्यामुळे हे रोज बघते.

एकाच कंपनीचे जुना आणि नवा असे दोन कुर्ते, दोन्हींवर एल. टेबलावर सपाट पसरून मुंढ्याखाली, म्हणजे काखेच्या रेषेत, टेप धरली, की जुना 20 इंच भरतो आणि नवा साडेएकवीस. म्हणजे छातीच्या घेरात सरळ तीन इंचांचा फरक. सुती कापड धुऊन आटतं, म्हणून मी हे न आटणाऱ्या पॉलिस्टरवर बघते. तिथेही फरक राहतोच.

अमेरिकेत याची नीट नोंद आहे. तिथल्या कृषी खात्यानं 1939-40 मध्ये सुमारे 15,000 बायकांची मापं घेतली, एकेकीची 59. त्या आधारावर 1958 मध्ये सरकारी मानक आलं. त्यात 8 नंबर म्हणजे छाती 31 इंच आणि कंबर साडेतेवीस. 2008च्या मानकात तोच 8 नंबर पाच-सहा इंचांनी मोठा झालेला होता! मधल्या काळात, 1983 मध्ये, सरकारनं जुनं मानक मागे घेतलं आणि प्रत्येक कंपनी आपल्या गिऱ्हाइकाकडे बघून तक्ता ठरवू लागली. लोकांची अंगं भरली तसा 'मीडियम' पुढे सरकला, हे एक कारण. दुसरं मला खटकतं: लहान आकडा अंगात बसला की माणूस खूश होऊन कपडा घेतो, हे दुकानदारांना पक्कं ठाऊक असतं. पुरुषांच्या पँटचंही तेच. 2010 मध्ये 'एस्क्वायर' मासिकानं 36 लिहिलेल्या पँट मोजल्या, तर एकीची कंबर 41 इंच निघाली.

आपल्याकडे तर बरेच ब्रँड परदेशी तक्तेच थोडे फिरवून वापरत आले. म्हणून निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेनं 'इंडियासाइज' प्रकल्प हाती घेतला: सहा शहरांत 25,000 लोकांची थ्रीडी स्कॅनरनं मापं घ्यायची आणि भारतीय अंगाचा तक्ता करायचा. शिवाय ताणणारं लायक्रा कापड आणि ढगळ कपड्यांची फॅशन आली, त्यामुळे अक्षरावरून अंदाज बांधणं आणखी कठीण झालंय.

तेव्हा एम-एल सोडून द्या. ब्लाउज टाकताना आपण 'एल शिवा' म्हणतो का? मापाचा ब्लाउज देतो. तसाच तुम्हाला नीट बसणारा एक कुर्ता पसरून छाती, कंबर, सीट, खांदा आणि उंची इंचांत लिहून ठेवा. ऑनलाइन घेताना तक्त्यातली मापं अंगाची आहेत की कपड्याची, हे आधी बघा. अंगाची असतील तर प्रत्यक्ष कपडा त्याहून तीन-चार इंच लूज असू शकतो.

आणि दोन साइजमध्ये अडलात तर मोठा घ्या. ब्लाउजला आम्ही आत चांगली माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जादा कापड, सोडतो, पण तयार कुर्त्याला कडेपर्यंत ओव्हरलॉक (कापडाची कड बांधणारी मशीनची शिवण) मारलेलं असतं. उसवलं तरी दोन सूत कापड हाती लागत नाही. मोठा कुर्ता मात्र दोन्ही बाजूंनी टीप मारून सहज आत घेता येतो.