टॉलरन्सिंगमध्ये कॉम्पेन्सेटर दिला, तरी निकाल सुधारत का नाही?

तुम्ही लिहिलंय की झीमॅक्स ऑप्टिकस्टुडिओ या भिंगरचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये टॉलरन्सिंग (घडण आणि जुळणीतल्या चुकांचा परिणाम तपासणं) करताना बॅक फोकस, म्हणजे शेवटच्या भिंगापासून सेन्सरपर्यंतचं अंतर, कॉम्पेन्सेटर (चूक भरून काढायला सरकवायची गोष्ट) म्हणून दिलाय, पण सेन्सिटिव्हिटीच्या, म्हणजे एकेका चुकीचा परिणाम दाखवणाऱ्या, तक्त्यात स्पॉट (बिंदूच्या प्रतिमेचा ठिपका) बिघडलेलाच राहतो आणि कॉम्पेन्सेटर जागचा हलत नाही.

आधी दोन मिनिटांचं काम. टॉलरन्सिंगच्या खिडकीत क्रायटेरियनच्या टॅबमध्ये कॉम्पेन्सेटर कसे वापरायचे हा पर्याय असतो. तिथे ‘नन’ असेल तर तुमचे सगळे कॉम्पेन्सेटर दुर्लक्षित होतात. ‘पॅराक्सियल फोकस’ असेल तर फक्त पॅराक्सियल (अक्षालगतच्या किरणांवरून काढलेला) बॅक फोकस धरला जातो, बाकी सोडून दिले जातात. ‘ऑप्टिमाइझ ऑल’ ठेवा आणि सायकल (ऑप्टिमायझेशनच्या फेऱ्या) वाढवून बघा. शिवाय कॉम्पेन्सेटरच्या ओळीतला मिन आणि मॅक्स हा मूळ मूल्यापासूनचा बदल असतो. अंतर ५० मिमी आणि मर्यादा -१ ते १, म्हणजे ४९ ते ५१. तिथे कुणी ४९ आणि ५१ असेच आकडे भरले, तर सगळं बिनसतं.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर सेटिंग चाळत बसू नका. फाइलची प्रत करा. तक्त्यातला सगळ्यात वाईट एकच टॉलरन्स (चुकीची मान्य मर्यादा) घ्या आणि तेवढा बदल लेन्स डेटामध्ये स्वतः हाताने भरा. सगळे व्हेरिएबल (ऑप्टिमाइझ करताना बदलू दिलेली मूल्यं) काढून फक्त बॅक फोकस व्हेरिएबल ठेवा आणि ऑप्टिमाइझ करा. असा स्पॉट सुधारला तर चूक टॉलरन्सच्या मांडणीत आहे. नाही सुधारला, तर सॉफ्टवेअर खरं तेच सांगतंय.

हे मी सोसून शिकलो. एका ट्रिपलेटवर (तीन भिंगांच्या रचनेवर) मी दोन दिवस सायकल आणि मर्यादा बदलत घालवले. शेवटी मधल्या भिंगाचा डीसेंटर (अक्षापासून आडवं सरकणं) हाताने घालून स्पॉट डायग्राम उघडला, तर अक्षावरच्या ठिपक्यालाही धूमकेतूसारखी शेपूट. तो कोमा नावाचा प्रतिमादोष होता. भिंग आडवं सरकलं की अक्षावरही कोमा येतो, आणि सेन्सर कितीही पुढेमागे केला तरी तो जात नाही, कारण फोकस फक्त डीफोकस भरून काढतो. मग जुळणीत मधलं भिंग शेवटी, प्रतिमा बघत, आडवं सरकवून चिकटवायचं ठरलं आणि तोच डीसेंटर मी कॉम्पेन्सेटर केला. तक्ता पार बदलला. तुमचे वाईट टॉलरन्स बहुतेक डीसेंटर आणि टिल्टचे (भिंग कलण्याचे) असतील, तर तुमचंही हेच असावं असं मला वाटतं.

पण जाडी आणि त्रिज्येचे टॉलरन्ससुद्धा सुधारत नसतील, तर सॉल्व्ह (एखादं मूल्य आपोआप ठरवणारी सोय) तपासा. शेवटच्या भिंगामागच्या जाडीवर फोकस आपोआप जुळवणारा मार्जिनल रे सॉल्व्ह आणि त्यापुढे डीफोकससाठी डमी (काल्पनिक) सरफेस, अशी मांडणी खूप फाइलींत असते. कॉम्पेन्सेटर त्या डमीवर ठेवला, तर प्रत्येक बदलानंतर सॉल्व्हच फोकस जुळवून मोकळा होतो आणि कॉम्पेन्सेटरला करायला काही उरत नाही. सॉल्व्ह काढून जाडी स्थिर करा आणि कॉम्पेन्सेटर एकाच अंतरावर ठेवा. दोन अंतरं दिलीत आणि दोन्हींचा परिणाम मुख्यतः फोकसवरच होत असेल, तर ती एकमेकांविरुद्ध भटकत जातात.

फील्डही (प्रतिमेतल्या ज्या जागा तपासल्या जातात त्या) बघा. फक्त वरच्या बाजूचे फील्ड असतील, तर टिल्ट झालेल्या भिंगात कॉम्पेन्सेटर त्याच बाजूला सांभाळतो आणि खालची बाजू किती बिघडली हे तुम्हाला कळतच नाही. टॉलरन्सिंगसाठी दोन्ही बाजूंचे फील्ड घ्याच.

उलट धोकाही लक्षात असू द्या: सॉफ्टवेअरमधला कॉम्पेन्सेटर हवा तितका बारीक सरकतो, खरा स्क्रू सरकत नाही. पाव तरंगलांबीच्या डीफोकसची मर्यादा साधारण ±२λ गुणिले एफ-नंबरचा वर्ग एवढी असते (λ म्हणजे तरंगलांबी, एफ-नंबर म्हणजे फोकल लांबी भागिले छिद्राचा व्यास). ०.५५ मायक्रॉन प्रकाशाला एफ/४ वर ती सुमारे ±१८ मायक्रॉन, तर एफ/२ वर जेमतेम ±४.४. तुमची यंत्रणा १० मायक्रॉनच्या टप्प्यांनी सरकत असेल, तर एफ/२ ला तक्त्यातला सुंदर निकाल प्रत्यक्षात मिळणार नाही. ती उरलेली चूक वेगळा टॉलरन्स म्हणून धरावी लागते.

हाताने केलेल्या चाचणीनंतरचा स्पॉट डायग्राम आणि शेवटच्या दोन सरफेसची माहिती इथे टाका, मग नेमकं कुठे अडतंय ते बघता येईल.