निवाऱ्यात खाट मिळते, पण बोचक्याचं काय?

एसटी स्टँडबाहेर महिनाभर झोपणाऱ्या आजोबांना बेघर निवाऱ्यात कसं न्यायचं आणि ते दरवेळी 'नको' का म्हणतात, असं तुम्ही विचारलंय. सोलापुरात रात्रीच्या फेरीला मी बरीच वर्षं जातो, त्यावरून सांगतो.

स्टेशनजवळ एक म्हातारे हमालमामा होते. त्यांनी आम्हाला तीन रात्री परत पाठवलं. आम्ही आपले थंडी, जेवण, अंघोळीचं गरम पाणी असं काय काय सांगत बसलो. चौथ्या रात्री कळलं, अडचण बोचक्याची होती. त्यात दोन चादरी, एक डबा आणि बायकोचा फोटो. पूर्वी एकदा झोपेत चोरीला गेलं होतं. "तिथं पत्र्याची पेटी आहे, कुलूप लावा आणि किल्ली तुमच्याच करगोट्याला बांधा," म्हटल्यावर लगेच उठले.

दुसरी भीती 'उचलून नेतील' ही. भिक्षेकरीगृह वेगळं, तिथं भीक मागणाऱ्यांना 1959 च्या भिक्षा-प्रतिबंधक कायद्याखाली पकडून नेतात. निवाऱ्यात माणूस आपल्या मर्जीने येतो-जातो, हे त्यांना स्वच्छ सांगा. आणि आपल्या गावात भाषा बघा हो! मराठीत गप्प बसलेली अव्वा, म्हणजे कन्नड आजी, 'ऊट आयता?' (जेवण झालं का?) विचारल्याबरोबर बोलायला लागते. तेलुगूचंही तेच.

आता निवारा करतो काय. 2013 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानात निकष असा होता, की लाख वस्तीमागे 100 माणसांची सोय, माणशी 50 चौरस फूट जागा, आणि दार वर्षभर, चोवीस तास उघडं. 2011 च्या जनगणनेत सोलापूर साडेनऊ लाखांचं होतं, म्हणजे किती खाटा हव्यात ते तुम्हीच मोजा. उन्हाळ्यात पारा 43 वर गेला की दुपारची सावलीही रात्रीच्या पांघरुणाइतकीच लागते, म्हणून चोवीस तासांचा आग्रह.

पण माझ्या मते खाटेपेक्षा मोठं काम कागदाचं. पत्ता नाही म्हणून आधार नाही, आधार नाही म्हणून रेशन नाही, संजय गांधी निराधारचे महिना 1,500 रुपये नाहीत. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने ठराविक नमुन्यात दाखला दिला तर आधारसाठी तो पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. कधीकधी बोटांचे ठसे घेतल्यावर नोंद 'आधीच आहे' म्हणून परत येते, आणि त्या जुन्या नोंदीवरून घर सापडतं. घर सापडलं म्हणजे घरचे नेतीलच असं मात्र नाही. फोनवर 'तिथंच ठेवा' म्हणणारी मुलं मी ऐकलीत.

दवाखान्याचं दुखणं वेगळंच. एका रुग्णालयाने आमच्या एका आजींना रात्री साडेदहाला डिस्चार्ज दिला, पायाला ओलं बँडेज, हातात कागद नाही. तेव्हापासून निवाऱ्यातलं कुणीतरी वॉर्डात चक्कर मारतंच.

माणूस भ्रमिष्ट वाटला तर स्वतः ओढाताण करू नका, 112 लावा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 100 प्रमाणे पोलिसांनी त्याला 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं असतं, कोठडीत ठेवता येत नाही.

मदत विचाराल तर वाढदिवसाची जिलेबी रग्गड येते. चपला, बनियन, मोठ्यांचे डायपर कुणी आणत नाही.

तुमच्या आजोबांकडे संध्याकाळी सातच्या सुमारास जा, मध्यरात्री नको, माणूस दचकतो. दोन चहा घ्या, एक तुमचा. ताप किंवा जखम दिसली तर आधी 108. ज्येष्ठांसाठी 14567 हा नंबरही आहे. जागा आहे का हे महापालिकेत बेघर निवाऱ्याचं काम बघणाऱ्या विभागात सकाळीच विचारून ठेवा, नाहीतर त्यांना उठवून परत फुटपाथवर आणायची वेळ येईल. आणि निघताना बोचक्याला हात लावू नका, ते त्यांनाच उचलू द्या.