सोलर सेलवर निळा प्रकाश पाडला तर वीज जास्त मिळते की लाल?

लाल. म्हणजे सेल सिलिकॉनचा असेल आणि दोन्ही प्रकाशांची ताकद सारखी असेल, तर लाल. आठवीच्या प्रोजेक्टला एवढं पुरे. पण पुढे तुम्ही लिहिलंय, "पिवळ्या बल्बपुढे जिलेटिन पेपर धरून बघितलं, तिन्ही रंगांना आकडा जवळपास सारखाच येतो, सेल खराब आहे का?" हे वाचलं आणि हातातला चहा गार झाला माझा. सेल खराब नाही. हेच आमच्या घरी २००४ साली झालं आहे, आणि त्यावरून माझ्या दिराशी माझं अजून मिटलेलं नाही.

मुलगी तेव्हा सातवीत. इंदूरला असलं सामान घ्यायचं म्हणजे जेल रोड, तिथून सेल आणला. मल्टीमीटर शेजाऱ्यांचा, बुटाच्या खोक्यात ६० वॅटचा बल्ब. रात्री पडदे ओढून पोरीने आकडे घेतले: कागद नसताना ४२ मिलिअँपिअर, लाल ३८, हिरवा ३६, निळा ३६. तीनतीनदा घेतले, तेच. वहीत लिहिले, तसेच तक्त्यावर उतरवले.

प्रदर्शनात परीक्षक म्हणून आलेल्या सरांनी तक्ता पाहिला, वही मागितली. आकडे पेन्सिलीने होते. म्हणाले, "घरी बसून भरलेस ना? रंग बदलला तर आकडा बदलणारच." एवढंच बोलून पुढच्या टेबलावर गेले. पोर रिक्षात घरापर्यंत रडत आली. आणि घरी भाऊजी बसलेले! ते म्हणाले, "वहिनी, सर बरोबर आहेत. निळ्या फोटॉनमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या कणात, ऊर्जा जास्त, निळ्याला वीज जास्त यायलाच हवी. तुमचं कनेक्शन लूज असणार." आमच्या ह्यांनी मान डोलावली. ती मान मी विसरलेले नाही.

मी बी.एस्सी. फिजिक्स, पण त्या दिवशी मलाही उत्तर सुचलं नाही. पुढे कधीतरी रिमोट दुरुस्त करताना सुचलं. जिलेटिन पेपर आपल्या डोळ्यांपुरता रंगीत असतो. लालच्या पलीकडचा, न दिसणारा अवरक्त प्रकाश निळा कागदही सोडतो, हिरवाही सोडतो. आणि पिवळ्या बल्बची तार साधारण २८०० केल्विनला तापते, तिचा सगळ्यात जोर १००० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे अवरक्तातच. सिलिकॉनचा सेल १,१०० नॅनोमीटरपर्यंत बघतो आणि त्याला सगळ्यात जास्त मानवतं ते ९०० ते ९५०च्या आसपासचं. तुम्ही कागद बदलत होता, सेल मात्र सगळा वेळ जवळपास तोच प्रकाश खात होता. पोरीचे आकडे खरे होते.

आता भाऊजींचा मुद्दा. निळ्या फोटॉनमध्ये ऊर्जा जास्त हे खरंच आहे. ४५० नॅनोमीटरला सुमारे २.७५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (एवढ्याशा ऊर्जेचं माप), ६५० च्या लालला १.९. पण सिलिकॉनमधून एक इलेक्ट्रॉन सोडवायचं तिकीट १.१२ चं, आणि हा कंडक्टर सुटे परत देत नाही. लाल आला तरी एक इलेक्ट्रॉन, निळा आला तरी एकच. वरची रक्कम उष्णतेत जाते. एका वॅटमध्ये लाल फोटॉन निळ्यांच्या जवळजवळ दीडपट मावतात, मग करंट कुणाचा जास्त? शिवाय निळा प्रकाश सेलच्या अगदी वरच्या पापुद्र्यातच शोषला जातो, आणि तिथे सुटलेले इलेक्ट्रॉन तारेपर्यंत पोचण्याआधीच बरेचदा वाया जातात. ११०० च्या पुढच्या प्रकाशाकडे तिकिटाचेच पैसे नसतात, तो सेलमधून आरपार.

भाऊजी आता छतांवर पॅनेल बसवायचा धंदा करतात आणि गिऱ्हाइकाला सांगतात की पॅनेल निळं असतं कारण ते निळा प्रकाश ओढून घेतं. अहो, निळं दिसतं म्हणजे निळा परत फेकतं! प्रकाश परत जाऊ नये म्हणून वर सिलिकॉन नायट्राइडचा थर असतो, पण तो लाल-पिवळ्याच्या सोयीने दिलेला असतो, म्हणून थोडा निळा परततो. असं सांगणाऱ्याकडून पॅनेल घेऊ नका. (बसवतात चांगलं, हे मान्य. आमच्या गच्चीवरही त्यांचंच आहे.)

गेल्या दिवाळीत मी टीव्हीच्या रिमोटच्या तोंडावर निळा जिलेटिन पेपर गुंडाळून तो त्यांच्या हातात दिला. चॅनेल बदललं. लाल कागद लावला, तरी बदललं. रिमोटचा दिवा अवरक्तच असतो, बहुतेकांचा ९४० नॅनोमीटरचा. भाऊजी म्हणाले, "रिमोट चांगला आहे, वहिनी." ह्यांनी याही वेळी मान डोलावली.

तुमच्या मुलाला पिवळा बल्ब काढायला सांगा. कागदाऐवजी लाल, हिरवे, निळे एलईडी घ्या, त्यांत अवरक्त जवळजवळ नसतं. मात्र तिन्ही एलईडींची ताकद सारखी नसते, त्यामुळे नुसत्या आकड्यांवरून लाल जिंकला म्हणू नका. आणि लक्समीटर लावून ती सारखी करायला जाऊ नका, तो माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतो. जुन्या कॅल्क्युलेटरमधला सेलही नको. तो वेगळ्या, अस्फटिक सिलिकॉनचा असतो आणि साधारण ७०० च्या पुढे त्याला फारसं दिसत नाही. रिमोटचा प्रयोग तक्त्याशेजारी ठेवा. आणि आकडे पेनानेच लिहायला सांगा.